शहराच्या वर्धापनाचा कापडी फलक हाताने कसा रंगवायचा: नागपूरच्या चित्रकारांसाठी

शहरासाठी हाताने रंगवलेला फलक करायचं ठरलं की बैठकीत सगळे आधी रंगांवर बोलतात. फलक बिघडतो तो मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच कारणांनी: कापड न धुता शिवलं, अस्तर (रंगाखालचा थर) घाईत मारलं, मजकूर शेवटच्या रात्री बदलला. म्हणून हाताशी असलेल्या दिवसांपैकी निम्मे दिवस रंगाचा डबा उघडण्याआधीच्या कामासाठी राखून ठेवा. पाच-सहा चित्रकार रोज चार-पाच तास बसणार असतील तर १८ फूट बाय ८ फूट फलकाला तीन आठवडे धरावेत. दोन आठवड्यांतही होतो, पण मग अस्तर पुरतं वाळत नाही आणि त्याची किंमत पहिल्याच उन्हाळ्यात मोजावी लागते.

पुढची सगळी मापं याच १८ बाय ८ फुटांच्या फलकाची आहेत. उदाहरणाला नागपूर महानगरपालिकेचा अमृतमहोत्सव घेतला आहे. इथे नगरपालिका १८६४ मध्ये आली आणि महानगरपालिका १९५१ मध्ये. विषय दुसरा असला, एखाद्या वस्तीचा, तलावाचा, वाचनालयाचा, तरी कामाचा क्रम हाच.

आधी मजकूर कायमचा ठरवा

चित्र काम चालू असताना थोडं बदलता येतं, मजकूर बदलता येत नाही. अक्षरांची जागा कापड शिवण्याआधीच ठरलेली असते, ती का हे पुढे येईल. मजकूर एका कागदावर लिहून ज्यांच्या वतीने फलक होतोय त्यांची सही घ्या आणि तो कागद कामाच्या जागी भिंतीवर चिकटवा.

आकड्यांत हमखास होणारी चूक म्हणजे ‘७५ वर्षे पूर्ण’ आणि ‘७५ वे वर्ष’ यांची गल्लत. १९५१ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचं ७५ वं वर्ष २०२५ मध्ये सुरू होतं आणि ७५ वर्षं २०२६ मध्ये पूर्ण होतात. गणेश मंडळं पहिला उत्सव धरून मोजतात, त्यांचा हिशेब त्यांच्यासाठी बरोबर असतो. संस्थेच्या फलकावर तोच वापरला की एका वर्षाची चूक कापडावर कायमची बसते.

शुद्धलेखन दोन वेगवेगळ्या माणसांकडून तपासून घ्या. ‘नागपूर’मधला पू दीर्घ आहे. आपल्याकडे हिंदी पाट्या इतक्या आहेत की सराईत हातही ऱ्हस्व काढून मोकळा होतो. ‘दीक्षाभूमी’मध्ये दी, भू आणि मी तिन्ही दीर्घ. ‘सीताबर्डी’ अशीच लिहायची.

अशोकस्तंभाचे सिंह फलकावर काढू नका. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा केंद्राचा कायदा आहे आणि ‘आदराने काढली’ हे कारण तिथे चालत नाही. महानगरपालिकेचं बोधचिन्ह हवं असेल तर लेखी परवानगी आणि मूळ चिन्हाची स्वच्छ प्रत, दोन्ही मागून घ्या. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रावरून काढलेल्या चिन्हात काहीतरी चुकतंच.

फलक बाहेर लागणार असेल तर ज्या झोनमध्ये लागणार तिथल्या कार्यालयात अर्ज आत्ताच द्या. शहरात दहा झोन आहेत, आणि महाल आणि धरमपेठ एकाच झोनमध्ये येत नाहीत. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्याचा १९९५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय लावलेला फलक कितीही सुंदर असला तरी उतरवला जातो, आणि उतरवताना तो कापून काढतात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्समध्ये मोर्चे, बंदोबस्त, बंद रस्ते असतात. त्या दिवसांत तिथे फलक चढवायचा बेत करू नका. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर आधी विचारा, मग खर्च करा.

चित्रात किती घ्यायचं

प्रत्येकाला सगळं हवं असतं: झिरो माइल, दीक्षाभूमी, सीताबर्डीचा किल्ला, गांधी गेट, कस्तुरचंद पार्क, एम्प्रेस मिल, मारबत (पोळ्यानंतरच्या मिरवणुकीतला पुतळा), संत्री, वाघ, मेट्रो. चौदा गोष्टी कोंबलेला फलक शंभर फुटांवरून रंगीत गोधडीसारखा दिसतो. चार घ्या, फार तर पाच. कच्चं चित्र झालं की मोबाइलने फोटो काढा आणि पडद्यावर नखाएवढा करून पाहा. त्या आकारात जे ओळखू येत नाही, ते रस्त्यावरूनही ओळखू येणार नाही.

काळाचा एक धागा धरला तर निवड सोपी होते. बख्त बुलंद शाह या गोंड राजाने १७०२ च्या सुमाराला बारा वस्त्या जोडून शहर वसवलं. तिथून नाग नदी आणि तलाव घेता येतात. मग भोसल्यांचा महाल. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल, म्हणजे कामगारांचं शहर. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी. आणि आजचं काहीतरी एक. डावीकडून उजवीकडे असा प्रवाह ठेवला की नदीचा पट्टा चारही चित्रांना खालून जोडतो आणि वेगवेगळ्या हातांनी केलेलं काम एक वाटतं. गटाने काम करताना हा पट्टा फार उपयोगी पडतो, तो एकाच माणसाने रंगवावा.

काही चित्रं सोपी वाटतात आणि फसतात. झिरो माइलला वालुकाश्माचा स्तंभ आणि चार घोडे आहेत. समोरून काढलं तर एखादा घोडा मागे लपतो आणि लोक लगेच मोजतात, म्हणून जरा तिरका कोन घ्या. दीक्षाभूमीचा स्तूप पांढरा आहे. त्यामागे फिकट आकाश ठेवलं तर घुमट हरवतो. आकाश मध्यम गडद निळं ठेवा आणि घुमटाच्या सावलीच्या बाजूला करड्या रंगात थोडा निळा घाला. घुमटाचा गोलावा अंदाजाने काढू नका, फोटोवरून रुंदी आणि उंची मोजून तेच प्रमाण पाळा. मारबत घ्यायची तर काळी आणि पिवळी दोन्ही घ्या. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची, आणि एकच काढली तर इतवारीतून विचारणा येणारच.

नागपुरी संत्रं म्हणजे केशरी चेंडू नाही. साल सैल असते, फळ वर-खाली किंचित दबलेलं, देठाकडे बरेचदा थोडं वर आलेलं. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या, फळावर हिरवट छटा राहते. ती छटा काढली की फळ नागपूरचं दिसतं, न काढली तर कुठल्याही सरबताच्या बाटलीवरचं.

कापड

साधं मांजरपाट इतक्या मोठ्या फलकाला पुरत नाही. वाऱ्यात ताणतं आणि शिवणीला फाटतं. सुती कॅनव्हास घ्या, चौरस मीटरला ३०० ते ३५० ग्रॅम वजनाचा. गांधीबागच्या कापड बाजारात ६३ इंच पन्ह्याचा मिळाला तर दोनच पट्ट्यांत काम होतं. प्रत्येक पट्टी साडेवीस फूट, म्हणजे दोन्ही मिळून ४१ फूट; १३ मीटर घ्या. पट्टीमागे अडीच फूट जास्तीचं वाटेल, पण कोरा सुती कॅनव्हास धुतल्यावर शेकड्याला पाच ते आठ आकसतो आणि दोन्ही टोकांना दुमडीलाही कापड लागतं. दोन्ही पट्ट्या एकाच ताग्यातल्या असाव्यात. वेगळ्या ताग्यांचं कापड वेगळं आकसतं आणि शिवणीला चुण्या पडतात.

कोऱ्या कापडात गिरणीची कांजी असते. रात्रभर गरम पाण्यात भिजत घाला, सकाळी दोनदा पाणी बदलून खळबळा, सावलीत वाळवा आणि दमट असतानाच इस्त्री करा. हे टाळलं तर कापड फलकावर आकसतं: अस्तराचं पाणी लागलं की एक बाजू आत ओढली जाते आणि चौकोन तिरका होतो. कांजी राहिली तर पावसाळ्यात त्या जागी बुरशी धरते.

शिवण धुतल्यानंतरच घाला. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिवण, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने. सुती दोरा उन्हा-पावसात कुजतो आणि कापड शाबूत असताना शिवण उसवते. वर आणि खाली चार-चार इंचांचे नेफे ठेवा, पाइप ओवायला. डाव्या-उजव्या कडांना दोन इंच दुमड आणि आत नायलॉनची पट्टी.

आता मजकूर आधी ठरवायचं कारण. आकसल्यानंतर एक पट्टी साधारण ५८ इंच उरते. वरचा नेफा आणि शिवणीतली दुमड वजा केली की वरच्या पट्टीत दिसणारं कापड ५२ इंच राहतं, म्हणजे आडवी शिवण वरून ४ फूट ४ इंचांवर येते. शिवणीवर रंग उंचवट्यासारखा दिसतो. ती घुमटावरून किंवा चेहऱ्यावरून गेली तर कितीही रंग चढवा, लपत नाही. त्यामुळे वरच्या ५२ इंचांत चित्र, खालच्या ४४ इंचांत अक्षरं, आणि शिवण बरोबर दोघांच्या सीमेवर. खालच्या पट्टीतलं जास्तीचं कापड शिवण्याआधी कापून टाका.

अस्तर

धुतलेलं कापड बल्ल्यांच्या चौकटीवर ताणा. चौकट फलकापेक्षा चारही बाजूंनी सहा इंच मोठी हवी. कडेला दर फुटावर आयलेट आणि त्यातून सुतळी, म्हणजे ओलं कापड सैल पडलं की पुन्हा ओढता येतं. जमिनीवर पसरून काम करायचंच असेल तर खाली प्लॅस्टिक नको, अस्तर झिरपून चिकटतं; प्लायवर जुनी सुती चादर टाका आणि दर तासाला कापड उचलून सोडवा.

ताण बसला की दोन्ही कर्ण मोजा. १८ बाय ८ च्या काटकोनी चौकोनाचा कर्ण १९ फूट साडेआठ इंचांच्या आसपास येतो. दोन कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर सुतळ्या सैल करून पुन्हा ताणा. हा फरक नंतर शिरोरेषेत दिसतो.

आधी गोंदाचा हात, म्हणजे थर. ६०० ग्रॅम फेविकॉल तीन लिटर पाण्यात घोटून घ्या आणि चार इंची ब्रशने पुढून मारा. यामुळे धाग्याची तहान भागते आणि पुढचा रंग वर राहतो. जुने कलाकार चिंचोक्याची खळ वापरत. ती आजही चालते, पण तिला कसर आणि बुरशी लागते म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालत असत. बाहेर लागणाऱ्या फलकाला फेविकॉल बरा. जाड मात्र मारू नका, सुकल्यावर कापड पत्र्यासारखं कडक होतं आणि गुंडाळताना तडकतं.

गोंद पूर्ण सुकल्यावर बाहेरच्या भिंतीचा पांढरा अॅक्रिलिक प्रायमर, दोन हात. चार लिटरचा डबा पुरतो. पहिल्या हातात निम्मं पाणी, दुसऱ्यात पाव. पहिला हात आडवा, दुसरा उभा, आणि मध्ये किमान चार तास. दुसरा हात सुकला की १५० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. तळहात फिरवला की काटे लागायला नकोत. मग कापड उजेडासमोर धरून मागून पाहा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर त्या जागी तिसरा हात द्या, नाहीतर पाणी तिथूनच शिरेल.

ऑइलपेंट कापडावर नको. पत्र्याच्या पाटीवर तो उत्तम, पण कापडावर सुकून ठिसूळ होतो, गुंडाळल्यावर भेगा पडतात आणि त्यातलं तेल सुती धागा हळूहळू कुजवतं.

हवेचाही विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो आणि दोन पट्ट्यांचे जोड दिसतात. तेव्हा सकाळी सहा ते दहा एवढंच काम. जानेवारीच्या थंडीत पारा १० अंशांपाशी गेला की रंगाचा पडदा नीट जमत नाही, बोट लावलं की भुकटी निघते. म्हणून संध्याकाळी पाचनंतर हात मारू नका. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ. दसऱ्यानंतरचा नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे सगळ्यात चांगले दिवस.

आखणी

कच्चं चित्र १८ इंच बाय ८ इंच कागदावर करा, एक इंचाला एक फूट. त्यावर एक इंचाच्या चौकटी, कापडावर एक फुटाच्या. दोन्हीकडे १४४ चौकटी येतात. कापडावर सूत मारताना, म्हणजे ताणलेली दोरी आपटून रेघ उमटवताना, दोरीला साधा पांढरा खडू दिसत नाही, म्हणून लोक गेरू किंवा नीळ लावतात. दोन्ही नको. गेरू प्रायमरमध्ये मुरतो आणि नीळ ओल्या रंगात विरघळून वर येते. पांढऱ्या स्तूपावर निळसर रेघ उमटली की तीन हात देऊनही ती डोकावत राहते. कोळशाची पूड वापरा आणि आखणी झाल्यावर कोरड्या फडक्याने झटका. रंगवताना फक्त पुसटशी रेघ उरायला हवी.

चौकटींना कडेला अंक आणि अक्षरं द्या, वर १ ते १८ आणि डावीकडे क ते झ (ङ सोडून). एकाने हाक द्यायची, ‘ग सातमध्ये घुमटाची कड’, दुसऱ्याने काढायची. सहा जण एकाच वेळी काम करतात तेव्हा गोंधळ याने टळतो. प्रोजेक्टरने रात्री आखणी लवकर होते, पण तो जरा तिरका असला की एक टोक मोठं पडतं. चारही कोपरे चौकटींशी जुळल्याशिवाय पेन्सिल लावू नका.

रंग

आकाश, जमीन आणि अक्षरांचा पट्टा यांसाठी बाहेरच्या भिंतीचं अॅक्रिलिक इमल्शन वापरा, चित्रांच्या बारीक कामाला कलाकारांचे अॅक्रिलिक रंग. पांढरं इमल्शन चार लिटर, गडद निळं दोन लिटर, काळा एक लिटर, आणि ऑक्साइड लाल, ऑक्साइड पिवळा, निळा, हिरवा असे स्टेनर, म्हणजे छटेसाठी मिसळायचे दाट रंग. स्टेनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते खरोखर पाळायचं असतं. एक लिटरमध्ये ३० मिलिपेक्षा जास्त ओतलं तर रंग गडद होतो, पण नीट वाळत नाही आणि पहिल्या पावसात ओघळ येतात. गडद रंग हवा असेल तर दुकानातून मशीनवर गडद बेसमध्येच बनवून घ्या.

एका छटेचा लागणारा सगळा रंग एकाच वेळी, एकाच बादलीत कालवा. अक्षरांच्या पट्ट्याला दोन हातांसाठी दीड-दोन लिटर लागतात. अर्ध्यावर संपला आणि पुन्हा कालवला तर छटा जुळत नाही, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग यांच्यातला फरक डोळ्याला धरता येत नाही. झाकणावर त्याच रंगाचा एक फटकारा मारून ठेवा. वाळल्यावर कसा दिसतो ते त्यावरून कळतं. पाणी दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त घालू नका.

उन्हात कोणता रंग टिकतो हे आधीच माहीत असायला हवं. ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरूसारखा लाल आणि मातकट पिवळा, दगडासारखे टिकतात. निळा आणि हिरवा बहुतेक चांगले राहतात. झगझगीत लाल, लिंबू पिवळा आणि गुलाबी फिके पडतात. चमकणारे फ्लोरोसंट रंग काही आठवड्यांतच उडतात. संत्र्याचा केशरी नेमका याच गटातला. त्यावर उपाय आहे: संत्र्याला आधी ऑक्साइड पिवळा आणि थोडा ऑक्साइड लाल यांचे दोन हात द्या, ते पूर्ण वाळू द्या, आणि मग वरून चांगल्या प्रतीच्या केशरीचा पातळ हात. वरचा थर उडाला तरी खालून भाजका केशरी दिसतो आणि फळ फळासारखंच राहतं. केशरी थेट पांढऱ्यावर दिला तर दोन उन्हाळ्यांत त्याचं मोसंबं होतं.

क्रम मागून पुढे आणि मोठ्यातून लहान: आकाश, नदी, इमारतींचे सपाट आकार, सावल्या, माणसं, शेवटी काठाच्या रेघा. प्रत्येक चित्रकाराला एक विषय द्या, पण सावली कुठल्या बाजूला पडणार आणि काठाची रेघ किती जाड, हे सगळ्यांसाठी एकच. रेघ अर्ध्या इंचाची ठेवली तर लांबून टिकते. महालातल्या चितार ओळीत मूर्ती रंगवणाऱ्यांचा हात गटात असेल तर चेहरे आणि डोळे त्यांना द्या. मोठ्या आकाराच्या चेहऱ्यावर डोळ्याची ओळ एका फटक्यात काढायचा सराव त्यांना असतो. दिवसातून दोनदा सगळ्यांनी ब्रश ठेवून तीस-चाळीस फूट मागे जाऊन पाहावं. जवळून अपुरं वाटणारं बरंच काम लांबून पूर्ण झालेलं असतं, आणि तिथे थांबता यायला हवं.

अक्षरं

शंभर फुटांवरून सहज वाचायला अक्षर १० ते १२ इंच उंच हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. वर वेलांटी, मात्रा, रफार यांना साडेचार-पाच इंच आणि खाली उकाराला तितकेच, म्हणजे १२ इंची अक्षराच्या ओळीला २२ इंच जागा लागते. दुसरी ओळ सहा इंची अक्षरांची, ११ इंच. एकूण ३३, उरलेले ११ इंच वरची, मधली आणि खालची मोकळी जागा. ४४ इंचांचा पट्टा असा भरतो.

लांबीही आधी मोजा. दोन्ही बाजूंना फूट-फूट सोडलं तर १९२ इंच मिळतात. या उंचीत ‘नागपूर महानगरपालिका’ साधारण १५० इंचांत बसतं. त्याच ओळीत ‘७५ वर्षे’ कोंबायला गेलात तर बसत नाही, आणि मग शेवटची अक्षरं चेपली जातात. आकडे खालच्या ओळीत घ्या: ‘१९५१ ते २०२६ : अमृतमहोत्सव’. अक्षरांची पूर्ण मापात कागदावर आखणी करा, कागद कापडावर चिकटवून लांबून पाहा, मगच छापा.

छापायची रीत अशी: कागदावरच्या रेघांवर सुईने दर तीन-चार मिलिमीटरवर भोकं पाडा, मलमलच्या पुरचुंडीत कोळशाची पूड बांधा आणि ती भोकांवर थापटा. ठिपके कापडावर उतरतात. आकाशी आणि मध्यम रंगांवर कोळसा चालतो; गडद निळ्या पट्ट्यावर खडूची पूड घ्या.

अक्षराची जाडी उंचीच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकी, म्हणजे दोन ते अडीच इंच. शिरोरेषा त्याहून थोडी बारीक, नाहीतर सगळी ओळ वरून जड दिसते. आधी शिरोरेषा पूर्ण मारा, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून. पट्टी रंग अर्धवट ओला असतानाच काढा, पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची साल निघते. मग सगळ्या उभ्या दांड्या, मग गोलाकार भाग, शेवटी वेलांट्या. वेलांटीचा वळसा अक्षरागणिक वेगळा झाला तर फलक कच्चा दिसतो, म्हणून सगळ्या वेलांट्या एकाच माणसाने आणि शक्यतो एकाच बैठकीत काढाव्यात. हात टेकवायला तीन फुटांची काठी आणि टोकाला कापडाचा बोळा, म्हणजे ओल्या रंगाला मनगट लागत नाही.

चित्रकारांची नावं खालच्या उजव्या कोपऱ्यात दीड-दोन इंची अक्षरांत, सगळ्यांची सारख्या आकारात. जागा आखणीतच धरा. शेवटी जागा उरली तर नावं घालू असं म्हटलं की नावं राहून जातात, आणि ज्यांनी काम केलं त्यांची नावं नसलेला शहराचा फलक अपुरा आहे. मानधन आणि फलकाचे फोटो कोण कुठे छापणार, हे दोन्ही काम सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या.

वरचा हात आणि टांगणं

शेवटच्या रंगानंतर तीन दिवस थांबा, मग बाहेर वापरायचं पारदर्शक अॅक्रिलिक वॉर्निश, दोन पातळ हात, एकूण दोन लिटर. मॅट घ्या. चकचकीत वॉर्निशवर आपल्याकडचं दुपारचं ऊन इतकं परावर्तित होतं की अक्षरं दिसत नाहीत.

वाऱ्याचा हिशेब मनात पक्का ठेवा. ताशी ६० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा दाब देतो. आपला फलक १३ चौरस मीटरच्या थोडा वर, म्हणजे सव्वादोनशे किलो. वेग दीडपट झाला तर दाब सव्वादोनपट, पाचशेच्या पुढे. एप्रिल-मेमधल्या अवकाळी वादळात असे झोत येतात. फलकाला भोकं पाडली की वारा निघून जातो असं सांगतात. चार-सहा भोकांनी दाब जवळजवळ तेवढाच राहतो आणि कापड मात्र भोकापाशी फाटतं. म्हणून एवढा फलक रस्त्यावर आडवा टांगू नका. भिंत हवी, आणि उत्तरेकडे तोंड असलेली मिळाली तर रंग सगळ्यात जास्त टिकतात. सभागृहातली भिंत मिळाली तर उत्तमच.

वरच्या नेफ्यात दीड इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप घाला, दर तीन फुटांवर भिंतीतल्या हुकाला बांधा. सात ठिकाणं होतात. एक इंची पाइप मध्ये वाकतो आणि शिरोरेषा झोक्यासारखी लोंबते. खालचा पाइप पाऊण इंची, वजन आठ-नऊ किलो. हा सुटून कुणाच्या डोक्यात पडू शकतो, म्हणून नेफ्याची दोन्ही टोकं शिवून बंद करा आणि पाइपला भिंतीशी वेगळी सुरक्षा दोरी बांधा. खालच्या नेफ्याच्या तळाला दर दोन फुटांवर बारीक आयलेट हवंच. नाहीतर पावसाचं पाणी नेफ्यात साचतं, तिथला रंग फुगतो आणि गंजाचे डाग वर चढतात. चढवल्यानंतर पहिल्या आठवड्यात एकदा सगळ्या गाठी पुन्हा ओढा, दोरी ताणून सैल झालेली असते. वादळाचा इशारा आला की उतरवा. चार माणसांचं अर्ध्या तासाचं काम आहे.

उतरवल्यावर घडी कधीच घालू नका. सहा इंची पीव्हीसी पाइपचा नऊ फुटांचा तुकडा घ्या, फलक कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून त्यावर गुंडाळा. रंग आत ठेवला तर तो दबून चुरगळतो, बाहेर ठेवला तर फक्त किंचित ताणला जातो. प्रत्येक वळशात बटर पेपर, कारण उन्हाळ्यात अॅक्रिलिक मऊ होऊन एकमेकाला चिकटतं. वर सुती चादर. प्लॅस्टिक नको, आत ओल धरते. रंगलेल्या फलकाचं वजन बारा-पंधरा किलो भरतं, तेव्हा गुंडाळी उभी ठेवली तर कापड घसरून खाली चुण्या पडतात. दोन टोकांना आधार देऊन आडवी ठेवा, पत्र्याच्या छताखाली नाही. पावसाळा संपला की दर वर्षी एकदा उघडून मागची बाजू तपासा, बुरशीची सुरुवात आधी तिथेच दिसते: करडे ठिपके, कोरड्या ब्रशने झटकून दिवसभर सावलीत वाऱ्यावर ठेवले की बहुतेक तेवढ्यावरच थांबतात.